‘अगेन’चे बटण: प्रवेशपरीक्षेच्या तयारीत दीड वर्ष अँकी वापरल्यानंतर

महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करताना मी अँकी हे उजळणीचे अ‍ॅप सलग दीड वर्ष वापरले. परीक्षा होऊन गेली, प्रवेश झाला, पहिले सत्रही सुरू झाले आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा उत्साह आणि निकालाची धाकधूक, दोन्ही ओसरल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे. अशा साधनांबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘याने गुण वाढतात का’ हाच असतो. माझे वाढले. परंतु या अ‍ॅपने मला रोज दुसराच एक प्रश्न विचारला: आज तुला जे ‘येते’ असे वाटते आहे, ते खरोखर येते का? तयारीच्या काळात यश कशाला म्हणायचे, याविषयीचे माझे मत त्या प्रश्नाने हळूहळू पालटले, आणि अँकीची पारख मी त्याच अंगाने करणार आहे.

ज्यांनी हे अ‍ॅप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रचना सांगते. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न दिसला की उत्तर मनात आठवायचे, मग कार्ड उलटायचे आणि आपल्याला ते कितपत आठवले हे ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’ आणि ‘ईझी’ या चार बटणांपैकी एक दाबून नोंदवायचे. चांगले आठवलेले कार्ड काही दिवसांनी परत येते, पुन्हा आठवले तर काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी. विसरलेले कार्ड दहा मिनिटांच्या आत समोर उभे राहते. ही कल्पना जुनी आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आणि ते किती वेगाने विसरले जातात हे मोजून आपले निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कागदी कार्डांची आणि कप्प्यांच्या पेटीची पद्धत मांडली: आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले पुन्हा पहिल्या कप्प्यात. पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये हे गणित संगणकावर आणले, आणि त्याच धाग्यावर डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये अँकी तयार केले. ‘अँकी’ हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ पाठांतर असा होतो. नाव प्रामाणिक आहे. हे अ‍ॅप शिकवत नाही, समजावून सांगत नाही; जे आपण समजून घेतले आहे ते विसरू देत नाही, एवढेच त्याचे काम.

अँकीच्या आधी मी सराव-प्रश्नांचे एक सशुल्क अ‍ॅप वापरत होते. त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण मला झालेला त्रास जितका त्याच्या रचनेमुळे होता तितकाच माझ्या मनःस्थितीमुळेही होता. प्रत्येक चाचणीनंतर तिथे सगळ्या वापरकर्त्यांमधला आपला क्रमांक दिसत असे, आणि तीच चाचणी पुन्हा दिल्यास वाढलेले गुण धरून तो क्रमांक सुधारत असे. मी एकेक चाचणी तीन-तीन, चार-चार वेळा देऊ लागले. तिसऱ्या वेळेला प्रश्न पूर्ण वाचण्याचीही गरज उरत नसे, कारण पर्यायांची जागा लक्षात राहिलेली असे. क्रमांक वर जात होता आणि मला वाटत होते की तयारी उत्तम चालली आहे. शिक्षकांनी एकदा त्याच धड्यावरचा प्रश्न आकडे बदलून फळ्यावर लिहिला, तेव्हा माझी लेखणी पहिल्याच पायरीवर थांबली. त्या दिवशी घरी आल्यावर मी रडले, हे मी लपवत नाही. क्रमांक खोटा नव्हता, पण तो माझ्या ज्ञानाबद्दल काहीच सांगत नव्हता.

या फसगतीमागचे कारण मला पुढे एका प्रयोगाच्या वर्णनातून कळले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवले, तर दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारले असता, पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थीच अधिक निःशंक होते. म्हणजे तयारी चांगली झाली आहे ही भावना आणि तयारी चांगली होणे यांची फारकत होऊ शकते, आणि ती नेमकी अशा पद्धतीने होते की भावनेवर विसंबणाऱ्याला तिचा पत्ताच लागू नये. परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा शांतपणे पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

अँकी ही फारकत उघडी पाडते, पण एका अटीवर: बटण दाबणाऱ्याने खरे बोलले पाहिजे. इथे परीक्षक नाही. उत्तर आठवले की नाही हे फक्त मला ठाऊक असते आणि निर्णयही मीच देते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी हा निर्णय कसा देत होते, हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेले आहेत, पडद्याच्या तळाशी उरलेल्या कार्डांचा आकडा १२ वर आला आहे, आणि समोर पेशीविभाजनातल्या अवस्थांचा क्रम विचारणारे कार्ड आहे. पहिल्या दोन अवस्था आठवतात, पुढच्या दोहोंचा क्रम आठवत नाही. कार्ड उलटते. उत्तर पाहताच ‘अरे, हे तर माहीतच होते, अगदी ओठांवर होते’ असे वाटते. ‘अगेन’च्या वर दहा मिनिटांचे अंतर दाखवलेले आहे आणि ‘गुड’च्या वर सव्वा महिन्याचे. अंगठा ‘गुड’वर जातो, आणि आकडा १२ वरून ११ वर येतो.

असे मी किती वेळा केले असेल, याची मोजदाद नाही. त्या काळात माझी यशाची व्याख्या होती, झोपण्यापूर्वी आकडा शून्यावर आणणे. शून्य झाले की अ‍ॅप अभिनंदन करते, आणि त्या अभिनंदनासाठी मी पुढच्या महिन्यातल्या स्वतःला फसवत होते. सव्वा महिन्यानंतर ते कार्ड परत आले तेव्हा चारही अवस्था गेलेल्या होत्या. सशुल्क अ‍ॅपमधल्या क्रमांकाची जागा आता शून्याने घेतली होती. साधन बदलले, सवय तीच राहिली. मग मी एक नियम केला: उत्तर आधी कच्च्या वहीत लिहायचे आणि नंतरच कार्ड उलटायचे. लिहिलेले अपुरे असेल तर वाद नको, ‘अगेन’. पहिल्या आठवड्यात रोजची उजळणी जवळजवळ दुप्पट लांबली आणि मला फार निरुत्साह आला. परंतु वहीतल्या ओळीशी हुज्जत घालता येत नाही, हे फार उपयोगाचे ठरले. ज्या रात्री मी पंधरा-वीस वेळा ‘अगेन’ दाबून, आकडा शून्य न करता झोपले, त्या रात्रींना मी आता माझ्या तयारीतल्या चांगल्या रात्री मानते.

अँकीतील एका सोयीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण अपयशाकडे पाहण्याची माझी दृष्टी तिने बदलली. एखादे पक्के झालेले कार्ड पुढे आठ वेळा विसरले गेले, तर अ‍ॅप त्याला ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करते आणि तशी सेटिंग असेल तर उजळणीतून बाजूलाही काढते. ही आठाची मर्यादा मूळ मांडणीतच ठरवलेली असते आणि ती बदलता येते. माझे पहिले जळू-कार्ड विद्युतरसायनशास्त्रातले होते. प्रश्न होता: ‘अ‍ॅनोड धन की ऋण?’ उत्तर म्हणून मी ‘धन’ लिहून ठेवले होते. कधी आठवे, कधी उलटे होई, आणि प्रत्येक चुकीबरोबर माझी अशी खात्री होत गेली की आपल्याला रसायनशास्त्र जमण्यासारखे नाही. कार्ड बाजूला पडल्यावर मी पाठ्यपुस्तक उघडले आणि तो भाग मुळापासून वाचला. विद्युत अपघटनाच्या घटात अ‍ॅनोड धन असतो. वीज निर्माण करणाऱ्या घटात, म्हणजे वापरात असलेल्या बॅटरीत, तो ऋण असतो. दोन्हीकडे कायम असते ते एवढेच की अ‍ॅनोडवर ऑक्सिडीकरण होते. माझा प्रश्नच अपुरा होता. स्मरणशक्ती वेळोवेळी योग्य तीच तक्रार करत होती आणि मी तिला बोल लावत होते. त्या एका कार्डाची मी तीन केली: अ‍ॅनोडवर कोणती अभिक्रिया होते, अपघटनी घटात त्याचे चिन्ह कोणते आणि का, बॅटरीत कोणते आणि का. तिन्हींपैकी एकही पुन्हा जळू झाले नाही. वोझ्नियाक यांनी चांगली कार्डे कशी करावीत याचे नियम १९९९ मध्ये लिहिले आहेत. त्यांतला पहिलाच नियम असा की जे समजले नाही ते पाठ करू नये. मी तो आधी वाचला होता, पण पटला तो जळू-कार्डानंतर.

जिथे अँकी कमी पडते तो भाग मला माझ्या ताईमुळे दिसला. ती एका सुट्टीत घरी आली असताना माझ्या शेजारी बसून कार्डे पाहत होती. रासायनिक समतोलाचे कार्ड आले: दाब वाढवल्यास समतोल कोणत्या बाजूला सरकतो? मी क्षणात उत्तर दिले, ‘ज्या बाजूला वायूचे मोल कमी, त्या बाजूला’, आणि ‘ईझी’ दाबले.

“थांब जरा,” ताई म्हणाली. “हायड्रोजन आणि आयोडीनच्या वाफेपासून हायड्रोजन आयोडाइड होतं, त्यात काय होईल?”

मी समीकरण मनात मांडले. डावीकडे दोन मोल, उजवीकडेही दोन. “म्हणजे… सरकणार नाही?”

“का नाही?”

मला ‘का’ सांगता येईना. नियम तोंडपाठ होता, पण दाब वाढला असता दोन्ही बाजूंवर सारखाच परिणाम होतो आणि म्हणून समतोलाला सरकण्याचे कारणच उरत नाही, हे शब्दांत मांडायला मला बराच वेळ लागला. ताईने मला दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, “कार्डाला जे विचारता येत नाही, ते तू स्वतःला विचारत जा.” तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी दहा कार्डे निवडून, उत्तर दिल्यानंतर त्यांवर एक पुढचा प्रश्न स्वतःच काढू लागले. हे काम अँकी करून देत नाही, आणि ते करून द्यावे अशी अपेक्षाही रास्त नाही. परंतु अनेक विद्यार्थी कार्डांचा वेग म्हणजेच आकलन असे समजून चालतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलेले बरे.

याच कारणाने गणित आणि भौतिकशास्त्रातील उदाहरणे मी फार लवकर अँकीबाहेर काढली. सूत्र, त्याच्या अटी, एककांची रूपांतरे, नेहमी चुकणारी चिन्हे यांसाठी कार्ड उत्तम; पण एकच उदाहरण कार्डावर तीनदा आले की मेंदू उत्तराचा आकडा पाठ करतो आणि रीत विसरतो. उदाहरणे कोऱ्या कागदावर, नव्या आकड्यांनिशी, घड्याळ लावूनच सोडवावी लागतात. निबंधाचेही तसेच आहे. कार्डांमुळे संदर्भ आणि शब्द हाताशी राहिले, मांडणी मात्र लिहून आणि खोडूनच शिकले.

आता त्या सेटिंगबद्दल, ज्याच्याविषयी बोलताना मी आजही थोडी भावुक होते. २०२३ पासून अँकीत एफएसआरएस नावाची नवी गणनपद्धती उपलब्ध आहे. ती आपल्या स्वतःच्या जुन्या उत्तरांवरून आपण कोणते कार्ड केव्हा विसरू याचा अंदाज बांधते. तिच्यात आपल्याला एक आकडा ठरवावा लागतो: उजळणीला आलेल्या कार्डांपैकी किती आठवलेली असावीत. मूळ मांडणीत हा आकडा ९० टक्के असतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. दहातले एक कार्ड आपण विसरणार, हे गृहीत धरूनच सगळे वेळापत्रक आखलेले आहे. ज्या दिवशी मी शंभरांपैकी दहा कार्डे विसरते, त्या दिवशी सर्व काही योजल्याप्रमाणे चाललेले असते.

मला हे सहन झाले नाही. शाळेत शंभरातले नव्वद म्हणजे दहा गेले, अशीच सवय लागलेली होती. मी तो आकडा ९७ केला. जे कार्ड महिन्याने आले असते ते आठवड्याच्या आसपास येऊ लागले आणि तीन आठवड्यांत रोजची उजळणी दोन तासांच्या पुढे गेली. नवे धडे मागे पडले, उदाहरणे सोडवायला वेळ उरला नाही, आणि हे सारे कशासाठी, तर विसरण्याचे प्रमाण दहावरून तीनवर यावे यासाठी. महिनाअखेरीस मी आकडा पुन्हा ९० वर आणला. तो बदल करताना मला हार मानल्यासारखे वाटले होते. काही दिवसांनी हलके वाटू लागले. किती विसरणे परवडते हे आधी ठरवून उरलेला वेळ न शिकलेल्या गोष्टींना देणे, हा विचार माझ्या तयारीत तोपर्यंत कुणीच आणला नव्हता. प्रत्येक विषयात, प्रत्येक धड्यात, प्रत्येक दिवशी पूर्ण गुणांचा आग्रह धरणारे विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांची दमछाकही. त्यांनी निदान हा एक आकडा पाहावा, म्हणून हे लिहिले.

रोजची सलगता हा अँकीच्या वापरकर्त्यांचा आवडता विषय आहे. एक पूरक जोडणी घेतली तर वर्षभराच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाचा चौकोन उजळणीच्या प्रमाणात रंगवला जातो. तो रंगीत पट पाहताना समाधान वाटते, हे खरे. मात्र मी तापाने आठ दिवस आजारी पडले आणि त्या पटावर पांढरे भगदाड पडले, तेव्हा बरे झाल्यावरही मी तीन दिवस अ‍ॅप उघडले नाही. उघडले तेव्हा नऊशेहून अधिक कार्डे साचली होती. मूळ मांडणीत रोजच्या उजळणीला २०० कार्डांची मर्यादा असते. ती मी हौसेने आधीच काढून टाकलेली होती. मग मी नवी कार्डे पूर्ण बंद केली, रोजची मर्यादा शंभराच्या थोडी वर ठेवली आणि साचलेला ढीग उपसायला सुरुवात केली. थकबाकी फेडायला जवळजवळ महिना लागला. दीड वर्षात सलग किती दिवस उजळणी केली हा आकडा आता मला पाठ नाही, पण तो महिना मला नीट आठवतो. रंगाचा पट मी तेव्हाच काढून टाकला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या काही गोष्टी. संगणकावर अँकी विनामूल्य आहे. अँड्रॉइड फोनसाठीचे अँकीड्रॉइड हे स्वयंसेवकांनी वेगळे विकसित केलेले अ‍ॅपही विनामूल्य आहे. आयफोनवरचे अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावे लागते. ते एकदाच घ्यायचे असते, दरमहा वर्गणी नाही. सगळ्या उपकरणांवरची कार्डे अँकीवेबच्या खात्यातून एकमेकांशी जुळवता येतात. अ‍ॅपचे रूप साधे, काहीसे रुक्ष आहे आणि सेटिंगची पाने पहिल्यांदा पाहताना गोंधळ उडतो. मी पहिले दोन महिने मूळ मांडणीला हात लावला नाही, आणि तेच योग्य होते. अपवाद एकच: रोज २० नवी कार्डे ही मूळ संख्या परीक्षेचा इतर अभ्यास चालू असताना जास्त होते. नवे कार्ड एकदाच येऊन थांबत नाही. काही आठवड्यांत रोजच्या २० नव्या कार्डांमागे माझ्याकडे दीडशेच्या आसपास जुनी येऊ लागली. दहा-बारा नवी कार्डे मला पुरली. ‘हार्ड’ या बटणाबद्दलही एक सूचना. ते आठवायला कष्ट पडले तर दाबायचे, विसरल्यावर नव्हे. विसरलो असताना ‘हार्ड’ दाबले की अ‍ॅप ते उत्तर बरोबर धरते आणि पुढचे सगळे अंदाज बिघडतात.

इतरांनी बनवलेले तयार संच पुष्कळ मिळतात. मी सुरुवातीला हजारो कार्डांचा एक संच उतरवून घेतला होता आणि पंधरा दिवसांत सोडून दिला. दुसऱ्याने समजून घेऊन लिहिलेले उत्तर मी न समजता पाठ करत होते. शब्दसंग्रह किंवा मूलद्रव्यांच्या संज्ञा अशा सुट्या माहितीसाठी तयार संच चालतो. संकल्पनांसाठी आपले कार्ड आपणच लिहावे, कारण प्रश्न नेमका कसा विचारायचा हे ठरवण्यातच निम्मा अभ्यास होऊन जातो. आकृतीचा काही भाग झाकून त्याचे नाव विचारण्याची सोयही अ‍ॅपमध्ये आहे, आणि जीवशास्त्रासाठी ती मला सर्वांत उपयोगी पडली.

अँकी कुणी घेऊ नये, हेही सांगते. परीक्षेला तीन आठवडे उरले असतील तर हे साधन हाती धरू नये. दिवसांचे अंतर वाढवत नेण्याला अवधीच मिळणार नाही आणि कार्डे बनवण्यातच वेळ जाईल. ज्याला कोणता विषय घ्यायचा, कोणत्या शाखेकडे जायचे हेच ठरलेले नाही, त्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथे नाही. मला स्वतःला तो प्रश्न तयारीच्या मध्यावर पडला होता. कार्डांच्या आकड्यांत डोके खुपसून बसल्याने तो काही काळ टळला, एवढेच. शेवटी तो घरातल्यांशी आणि शिक्षकांशी बोलूनच सुटला.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने फोन हातात घेतला आणि अँकी उघडले. १३८ कार्डे वाट पाहत होती. परीक्षा संपलेली होती, कुणी विचारणार नव्हते, गुण मिळणार नव्हते. मी ती पुरी केली नाही, पण संचही पुसला नाही. निकाल लागल्यावर, मला पहिल्या पसंतीची शाखा न मिळता दुसरी मिळाली हे कळल्यानंतरच्या आठवड्यात, मी शांतपणे बसून सगळी कार्डे एकदा चाळली. केवळ परीक्षेत विचारतात म्हणून केलेली, वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून अंदाजाने घेतलेली, पर्याय ओळखण्याच्या युक्त्यांची अशी कार्डे मी काढून टाकली. चार हजारांहून अधिक कार्डांपैकी साडेसहाशेच्या आसपास उरली. पेशीविभाजनाच्या चार अवस्था राहिल्या. समतोलाचे कार्डही राहिले, आणि त्याच्या मागच्या बाजूला मी आता ताईचा प्रश्नही लिहून ठेवला आहे.

त्या साडेसहाशेंची उजळणी महाविद्यालयात जाताना दहा मिनिटांत होते. दिवसाची कार्डे संपली की तोच अभिनंदनाचा संदेश येतो. त्यात ‘सध्यापुरते’ काम संपले असे म्हटलेले असते, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आले नव्हते. परवा अ‍ॅनोडच्या तीन कार्डांपैकी पहिले आले. वही सोबत नव्हती, म्हणून उत्तर ओठांतल्या ओठांत पूर्ण म्हटले, कारणासह, आणि मगच कार्ड उलटले. ‘गुड’ दाबले. ते आता अकरा महिन्यांनी येईल.